नदीच्या अंगाने वेशीपर्यंत

पाउंड बेंडपाशी यारा नदी एक लांबलचक वळसा घेते. उत्तरेला जाते, डोंगराच्या पायथ्याशी रेंगाळते, परत फिरते, आणि जिथून निघाली जवळजवळ तिथेच येऊन पोचते. मधे उरतो तो खडकाचा एक अरुंद दांडा. १८७० साली सोन्याच्या मागे लागलेल्या एका कंपनीने तो सुरुंग लावून आरपार फोडला, १४५ मीटरचा बोगदा काढला आणि नदी त्यातून वळवली. वळशाचं पात्र कोरडं पडलं की तळाचा गाळ उपसायचा आणि सोनं वेचायचं, असा बेत. कंपनी गेली, सोन्याचे दिवसही गेले, बोगदा तेवढा राहिला. आजही यारेचं काही पाणी वळशाने जातं आणि काही त्या काळ्या तोंडातून घुसतं, अलीकडच्या बाजूला फेसाळत बाहेर पडतं. तिथे पोहू नका, होडी घालू नका, असं बजावून लिहिलेलं आहे.

आत्या त्या पाण्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “नदीला घाई नव्हती, यांना होती.”

ती वाईची. गणपती आळीत सगळा जन्म गेला, कृष्णेच्या घाटावर. सत्तरी उलटली आहे, गुडघे कुरकुरतात, पण चालायचं म्हटलं की आधी चप्पल शोधते. मेलबर्नला माझ्याकडे आली तेव्हा मी तिला समुद्र दाखवला, ट्राम दाखवली, क्वीन व्हिक्टोरिया मार्केट दाखवलं. तिने सगळं शिस्तीत पाहिलं. शेवटी विचारलं, “गावाला नदी आहे ना गं? मग ती कुठून येते ते दाखव की.” उगम दाखवणं शक्य नव्हतं. यारेचं डोंगरातलं वरचं खोरं माणसांना बंद आहे, कारण मेलबर्नचं पिण्याचं पाणी तिथून येतं. म्हणून शहराच्या पूर्व कडेचं वॉरनडाइट निवडलं. पाउंड बेंडच्या बोगद्यापासून नदीच्या काठाने झाडीतून प्रवाहाच्या उलट चालत गेलं की वाट वॉरनडाइटच्या पुलाशी निघते. तिथे बेकरी आहे, बस आहे. माझ्या मुलीचे जुने बूट, पंजाबी ड्रेसवर स्वेटर, कानाला मफलर अशा थाटात आत्या निघाली.

सप्टेंबर नुकता लागला होता. इथला हिवाळा संपता संपताचे दिवस. काठावर सिल्व्हर वॉटल फुललेली होती, पिवळ्या बारीक गोंड्यांनी फांद्या वाकलेल्या. बाभळीच्याच कुळातली ही झाडं, पण काटा नाही. आत्याने फांदी ओढून वास घेतला, बोटांना लागलेले पिवळे कण स्वेटरला पुसले. खाली पाणी गढूळ, चहाच्या रंगाचं. मेलबर्नमध्ये या नदीची जुनी थट्टा आहे की ती उलटी वाहते, गाळ वर आणि पाणी खाली. खरं तर पाण्यात मिसळलेली बारीक चिकणमाती तळाशी बसत नाही, एवढीच गोष्ट. उगमाकडे हीच नदी नितळ असते.

वाटेवर सगळ्यात जास्त लक्ष वेधून घेतलं ते मॅना गमने. निलगिरीचाच हा एक प्रकार. बुंधा खाली खरबरीत, वर पांढराफटक आणि गुळगुळीत. साल दरवर्षी सुटते. हातहात लांबीच्या पट्ट्या फांद्यांच्या बेचक्यांतून लोंबतात, घाटावर वाळत घातलेल्या धोतरासारख्या वाऱ्यावर हलतात, आणि मग खाली पडतात. मी एक पट्टी उचलून आत्याच्या हातात दिली. बाहेरून तपकिरी, आतून फिकट गुलाबी, कडा आत वळून तिची नळी झालेली. दोन्ही हातांनी वाकवली तसा कडकन आवाज झाला. आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला, माती ओली, गवत ओलं, आणि ही साल कोरडी ठणठणीत. “चुलीला बरी आहे,” आत्या म्हणाली. तिने नुसत्या हाताने जे ओळखलं त्यावर इथल्या अग्निशमनवाल्यांनी पत्रकंच्या पत्रकं काढली आहेत. वाळलेल्या सालीची पेटती पट्टी वाऱ्याबरोबर कित्येक किलोमीटर उडत जाते आणि आगीच्या पुढे जाऊन नवी आग लावते.

निलगिरीशी आपली ओळख जुनी आहे. सामाजिक वनीकरणाच्या काळात रस्त्यांच्या कडेला, माळांवर, कालव्यांच्या काठांनी ती सरळसोट उभी राहिली. खाली गवत उगवत नाही म्हणून शिव्या खात राहिली. इथे मात्र तिच्या खाली गवत होतं, झुडपं होती, नेचे होते, एका ढोलीत पोपटांची जोडी होती. स्वतःच्या घरी तिचं वागणं वेगळं. हे झाड जगभर पोचवण्यात मोठा हात होता तो फर्डिनंड फॉन म्यूलर या विक्टोरियाच्या सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञाचा. एकोणिसाव्या शतकात त्याने देशोदेशी निलगिरीच्या बिया पाठवल्या. आणि जाता जाता त्याच गृहस्थाने ओढ्याकाठी ब्लॅकबेरीचं बी टाकलं, वाटसरूंना खायला होईल म्हणून. ती ब्लॅकबेरी आता इथलं हट्टी तण आहे. पाउंड बेंडच्या उतारावर तिची जाळी आम्हाला दोनदा आडवी आली. आत्याच्या ओढणीला अडकली तेव्हा काटे सोडवत मी म्यूलरसाहेबांना चार शब्द सुनावले.

वळशाच्या आत सपाट कुरण आहे. तिथे कांगारू चरत होते, राखी रंगाचे. आम्ही थबकलो तसं एका मादीने मान वर केली. कान दोन्ही वेगवेगळ्या दिशांना फिरले, एक आमच्याकडे, एक नदीकडे. पोटाच्या पिशवीतून एक लांबुडकं पाऊल बाहेर आलेलं, फक्त पाऊल. पिल्लू आत उलटं झालं असणार. तिने खाली वाकून ते नाकाने आत ढकललं आणि पुन्हा चरायला लागली. आत्या हसून लोटपोट. तोंडावर ओढणी धरून हसली, आवाज होऊ नये म्हणून. त्या कुरणाच्या कडेला कांगारू ग्रास नावाचं गवत तांबूस तुऱ्यांनी उभं होतं. हेच गवत, अगदी हीच जात, सह्याद्रीच्या उतारांवरही येते. हे मी तिला सांगितलं, तर तिला त्याचं काहीच अप्रूप वाटलं नाही. “गवत कुठेही जातं,” म्हणाली.

ही जमीन वुरुंड्जेरी लोकांची. नदीचं त्यांचं नाव बिरारंग. विक्टोरियात सोनं सापडल्याच्या अगदी पहिल्या बातम्यांपैकी एक १८५१ मध्ये इथल्याच अँडरसन्स क्रीकवरून आली, आणि त्याच सुमाराला, त्या शतकाच्या मध्याला, पाउंड बेंडच्या आसपासची जमीन वुरुंड्जेरींसाठी राखून ठेवलेली होती. एकीकडे राखीव कुरण आणि शेजारच्या ओढ्यात सोन्याची झुंबड. याचं पुढे काय होणार ते सांगायला ज्योतिषी लागत नाही. १८६३ नंतर त्यांच्यातले पुष्कळ जण वर हील्सव्हिलजवळ कोरँडर्कला गेले, तिथे त्यांनी शेती उभी केली, आणि पुढे ती जमीनही हातची गेली. वाटेवर या सगळ्याचं उघडं चिन्ह काही दिसत नाही. पाणी वाहतं, बेलबर्ड घंटी वाजवल्यासारखे टिंग-टिंग करतात. हे बेलबर्ड, बरं का, ऐकायला गोड आणि वागायला आडदांड. आपल्या झाडांवर दुसऱ्या पक्ष्याला टिकू देत नाहीत.

२०१७ मध्ये विक्टोरियाच्या विधिमंडळाने यारेसाठी कायदा केला. त्याच्या शीर्षकात इंग्रजीबरोबर वुरुंड्जेरींच्या भाषेतले शब्द आहेत: विलिप-जिन बिरारंग मुरॉन, म्हणजे बिरारंगला जिवंत ठेवा. त्या वेळी वुरुंड्जेरी वडीलधारी मंडळी सभागृहात आपल्या भाषेत बोलली. कायदा म्हणतो की उगमापासून समुद्रापर्यंत, २४२ किलोमीटरची ही सबंध नदी म्हणजे एकच जिवंत, अखंड अस्तित्व आहे. तोडायची नाही, तुकड्यातुकड्याने बघायची नाही. मी हे जरा ठसक्यातच सांगितलं. इथे राहून राहून इथल्या काही गोष्टींचा आपल्यालाच अभिमान वाटायला लागतो.

“म्हणजे त्याच्या आधी काय होती? मेलेली?”

“कागदावर जिवंत नव्हती.”

“आमची कृष्णाबाई कागदावर अजून नाहीये. आणि तरी बघ,” आत्या वाटेवरच्या ओंडक्यावर बसत म्हणाली, “हिवाळ्यात सगळ्या आळ्यांचे घाट आळीपाळीने तिचा उत्सव करतात. मूर्ती आणायची, ओटी भरायची, कीर्तन, जेवणावळी. आई म्हणायचं, माई म्हणायचं. आणि गटार? ते तिच्यातच. जिवंत मानलं म्हणून कुणी नीट वागतं असं नाही गं. घरातल्या म्हातारीला तरी कुठे नीट वागवतात.”

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे फारसं नव्हतं. २०१७ च्याच मार्चमध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला जिवंत व्यक्तीचा दर्जा दिला होता, आणि जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. दुसऱ्या बाजूने, ज्या यारेला आज कायदा सांभाळतो तिच्या शहरातल्या पात्रात एकोणिसाव्या शतकात कातडी कमावणाऱ्यांची, लोकर धुणाऱ्यांची आणि खाटीकखान्यांची घाण राजरोस सोडत होते. नदीला आई म्हणणारे आणि न म्हणणारे, दोघांची गटारं उताराकडेच वाहत होती.

वळसा संपून वाट बोगद्याच्या वरच्या तोंडाशी आली, म्हणजे निघालो होतो तिथून हाकेच्या अंतरावर. पाऊण सकाळ चाललो आणि दांड्याच्या पलीकडे पोचलो. आत्याला याची फार गंमत वाटली. पुढे नदी पुन्हा सरळ होते आणि वाट गावाकडे निघते.

शहराची किंवा गावाची हद्द कुठे सुरू होते हे नकाशावर बघायचं असेल तर मेलबर्नने सोय करून ठेवली आहे. २००२ मध्ये इथे शहराच्या वाढीची एक रेषा ठरवली. रेषेच्या आत वस्ती, बाहेर शेती, रानं, मोकळी जमीन. तिच्याबाहेर घरांची वसाहत टाकायची तर साधी परवानगी पुरत नाही. रेषा पुढे सरकतच नाही असं नाही, कितीदा तरी सरकली आहे, पण ती सरकवायला मोठा खटाटोप करावा लागतो. पुण्यात याच्या उलट: २०१७ मध्ये ११ गावं, २०२१ मध्ये आणखी २३ गावं महापालिकेच्या पोटात गेली. तिथल्या शिवेचे दगड आता कुठल्या तरी सोसायटीच्या पार्किंगखाली असतील. वॉरनडाइट या रेषेच्या काठावरचं गाव आहे. पण पायी येणाऱ्याला रेषा दिसत नाही. गाव आलं हे आम्हाला आधी नाकाने सांगितलं.

धुराचा वास आला. लाकडाचा, ओलसर, गोडसर. आत्या एकदम थांबली, मान वर करून हुंगायला लागली. “बंब पेटवलाय कुणीतरी,” म्हणाली. बंब नव्हता, थंडीच्या दिवसांत घर ऊबदार ठेवायला इथे लोखंडी शेगड्या असतात, त्यात लाकडं जाळतात, त्याचा धूर झाडीवरून नदीकडे उतरत होता. वाईला पहाटे आळीत तांब्याचे बंब पेटत त्याची तिला आठवण झाली आणि ती मोठी खूष झाली. मी खूष झाले, पण जरा सावधपणे. हाच वास जानेवारीत आला असता तर आम्ही दोघी पळत सुटलो असतो.

धुरानंतर कुत्री आली, पट्ट्याला धरलेली माणसं घेऊन. मग एक मॅगपाय झाडावरून सूं करत माझ्या डोक्यावर झेपावला. वसंतात त्यांची घरटी असतात आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर धाड घालण्यात त्यांना कुणाची भीड नसते. सायकलवाले हेल्मेटला तुऱ्यासारख्या प्लास्टिकच्या काड्या लावतात ते याच्यामुळे. आत्याने मफलर डोक्यावरून घट्ट गुंडाळून घेतला. मग कुंपणं लागली, आणि कुंपणाच्या तारेवर साळुंकी.

“अगं, ही इथे कुठली?”

आपलीच. तपकिरी अंग, काळं डोकं, डोळ्याभोवती पिवळी पट्टी, चालण्यात तोच तोरा. १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला मेलबर्नच्या भाजीमळ्यांतले किडे खायला साळुंक्या आणून सोडल्या. किडे किती खाल्ले देव जाणे, पण साळुंक्या पसरल्या. इथल्या पोपटांच्या ढोल्या बळकावतात म्हणून त्यांच्यावर लोकांचा राग आहे. एबीसी या सरकारी वाहिनीने २००५ मध्ये सगळ्यात वाईट उपद्रवी प्राणी कोणता असा कौल घेतला, त्यात विषारी केन टोडला मागे टाकून साळुंकी पहिली आली. तिला इथे सर्रास इंडियन मायना म्हणतात. परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाने या ठिकाणी स्थलांतर, परकेपण वगैरेंवर एक उतारा लिहायचा असतो हे मला ठाऊक आहे. तो मी लिहीत नाही. साळुंकी म्हणजे मी नव्हे, आणि ढोलीतून हाकललेल्या पोपटाला माझ्या भावनांशी काही देणंघेणं नाही. मला तिच्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. ती दाट झाडीत फारशी शिरत नाही. तिला कापलेलं गवत लागतं, छप्पर लागतं, सांडलेला पाव लागतो. म्हणजे जिथे पहिली साळुंकी दिसली तिथे वस्ती लागली. नकाशावरच्या रेषेइतकीच ही खूण पक्की, आणि ती खटाटोपाशिवाय रोज नव्याने ठरते.

पण तरीही गावाची शिव यापैकी कशातच नव्हती. ती थोडी पुढे होती, रस्त्याच्या कडेला, एका पाटीवर.

आत्याच्या लहानपणी तिच्या आजोळच्या गावाला शिवेवर म्हसोबाचा शेंदूर फासलेला दगड होता. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा काढायचे. वाजतगाजत गावाबाहेर न्यायचा आणि पुढच्या गावाच्या शिवेत ढकलून मागे न बघता परतायचं. त्या गावाने तो रातोरात त्याच्या पुढच्या गावाकडे सरकवायचा. उतरवून टाकलेला लिंबू-नारळ शिवेबाहेर. नजर लागलेलं, रोगाचं, भुताखेताचं, जे जे नको ते सगळं शिवेबाहेर. आणि त्याने परत आत येऊ नये म्हणून राखण करणारा देवही तिथेच. शेताची हद्द भूमापकाने ठरवली, पण गावाची शिव ठरली ती ज्याची भीती वाटते ते कुठून येतं यावरून. मला वाटतं ही सरकारी रेषेपेक्षा जास्त खरी हद्द आहे.

वॉरनडाइटच्या शिवेवरची पाटी अर्धगोल आहे. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि टोकाला गडद लाल असे चार पट्टे, मध्ये काटा. त्या दिवशीचा आगीचा धोका किती ते काटा सांगतो. आम्ही गेलो तेव्हा तो हिरव्याच्याही अलीकडच्या पांढऱ्या पट्टीवर होता, म्हणजे आज चिंता नाही. उन्हाळ्यात तो उजवीकडे सरकतो. गडद लालवर गेला की इथलं जंगल बंद होतं, आणि आग लागलेली नसतानाही गावकऱ्यांना सांगितलं जातं, आदल्या रात्री किंवा भल्या पहाटे निघून जा. पाटीच्या लोखंडी खांबाला हात लावला तर तो दवाने ओला होता. पायाशी गवत अगदी बारीक कापलेलं, आणि त्यावर एकही सालीची पट्टी नाही. तिथपर्यंत वाटभर सालीचा खच होता. तिथून पुढे गाव ती रोज उचलतं.

१३ जानेवारी १९३९, शुक्रवार. विक्टोरियाभर पेटलेल्या आगींत ७१ माणसं मेली. वॉरनडाइटमधली दीडशेच्या वर घरं जळाली. चौकशी आयोगाचे न्यायमूर्ती लेनर्ड स्ट्रेटन यांनी निष्कर्ष काढला की या आगी माणसाच्याच हातून लागल्या होत्या. १९६२ मध्ये पुन्हा आग आली. ७ फेब्रुवारी २००९ च्या शनिवारी इथून उत्तरेला, गाडीने पाऊण तासावरच्या किंगलेकच्या बाजूला हाहाकार झाला. राज्यभरात १७३ बळी गेले. त्या दिवशी संध्याकाळी वारा फिरला नसता तर आगीचं तोंड इकडेच होतं. २०१४ मध्ये गावाच्या कडेची काही घरं गेली. गावाजवळ नदी ओलांडायला एकच पूल. आग आली तर सगळ्या गाड्या त्याच्यावर अडकतील म्हणून काही वर्षांपूर्वी तो रुंद केला. सुंदर ठिकाण आहे हो. शंभरेक वर्षांपूर्वी क्लारा सदर्न, पेनली बॉइड यांच्यासारखे चित्रकार इथे येऊन राहिले ते उगाच नाही. त्या चित्रांतला सोनेरी, धूसर उजेड मला आवडतो, पण आता त्यातलं वाळलेलं गवतही दिसतं.

पुलाजवळ बेकरी. पालक-रिकोटाचा रोल घेतला, चहा घेतला, बाहेरच्या बाकावर बसलो. साळुंक्या लगेच आल्या. आत्याने पापुद्रा मोडून टाकायला हात उचलला तसं शेजारच्या बाकावरून एक म्हातारा गृहस्थ हसत म्हणाला, देऊ नका, एकदा दिलंत की सगळं गाव गोळा होईल. मी आत्याला मराठीत सांगितलं. “त्यांना म्हणावं, आमच्याकडचीच आहे, ऐकेल माझं,” आत्या म्हणाली. हेही मी इंग्रजीत सांगितलं. मग बोलणं सुरू झालं.

तो इथलाच, जन्मापासून. बासष्टच्या आगीत दहा वर्षांचा होता. आईने पोरांना नदीत उतरवलं, गळ्यापर्यंत पाण्यात, डोक्यावर ओली गोणपाटं. त्याच्या दाराशी आजही उन्हाळाभर एक पेटी भरलेली असते: कागदपत्रं, औषधं, बायकोचे फोटो, कुत्र्याचा पट्टा. आत्याने विचारलं, “निघायचं कधी, हे कसं कळतं?” त्याने उत्तरेकडे बोट केलं. उत्तरेचा वारा सकाळी नऊच्या आत सुटला की तो पाटीकडे बघतसुद्धा नाही. आधी गाडीत पेटी, मग कुत्रा.

आत्या सरसावून बसली. आमच्याकडे आग नाही, पाणी, असं तिने सांगायला लावलं. कृष्णेला पूर आला की पाणी गणपती आळीत शिरतं. घाटावर ढोल्या गणपतीचं देऊळ आहे, पाणी देवळाच्या पायऱ्या चढायला लागलं की घरातली धान्याची पोती माळ्यावर. देवाच्या अंगाला लागलं की म्हाताऱ्या माणसांना वरच्या आळीत हलवायचं. म्हाताऱ्याने विचारलं, मग देवळाचं काय होतं? वाहून जात नाही?

“नाही. ते बांधणाऱ्याला ठाऊक होतं,” आत्या म्हणाली. “१७६२ चं आहे, रास्त्यांचं.”

बस आली, पुलापाशी उभी राहिली, दार उघडलं, मिटलं, गेली. पुढची कधी आहे ते मी फोनवर बघत होते. म्हाताऱ्याने बेकरीच्या कागदी पिशवीवर पेनने नदी काढली होती, पूल काढला होता, आणि बासष्टची आग कुठून आली ते दाखवणारे तीन बाण. आत्याने त्याच्या हातातून पेन मागून घेतलं, पिशवी पालथी केली, आणि देवळाची मागची भिंत काढायला लागली, माशाच्या तोंडासारखी निमुळती, पुराचा लोट दोन्हीकडे फुटावा म्हणून बांधलेली. “हे नीट सांग गं त्यांना,” मला म्हणाली, “पाणी इकडून येतं. इकडून.” आणि तिनेही बाण काढला.